माझ्या नावाची, पण माझी नसलेली जमीन

अल्लाचे नाव घेऊन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय, मी बेस्से राहिमा, मरहूम मुस्तारी यांची बायको, वय त्र्याहत्तर, धंदा माडाच्या रसाचा गूळ काढणे, राहणार लाकेसी, दक्षिण सुलावेसी, माझ्यामागे काय व्हावे ते सांगून लिहविते. लिहिणारे आमच्या शाळेचे मंसूर मास्तर आहेत. त्यांचे म्हणणे, अशा कागदात कामापुरतेच बोलावे. मी म्हटले, मेल्यावर मला बोलायला मिळणार नाही, तेव्हा लिहा. डोळे चुलीच्या धुराने अधू झाले आहेत, डोके शाबूत आहे. मास्तर जन्मले त्या दिवशी त्यांच्या आजीने कोणाशी भांडण काढले होते, हेही मी सांगू शकते.

कलम १. मी राहते ते घर माझी मुलगी हाएदा हिला द्यावे. आमच्यात घर मुलीकडेच जाते, त्यात नवे काही नाही. घराखालच्या कोंबड्या घराबरोबर. गूळ कढवायची मोठी कढईही हाएदाची. मात्र ती माझी जाऊ चोप्पो हिला एक दिवसासाठीही देऊ नये. तिने एकदा नेली ती तीन वर्षांनी परत आली, तीही बुडाला भोक पडून, आणि वर म्हणाली, "तुमची कढई आधीपासूनच रडकी होती." झाकण हवे असेल तर न्यावे. झाकणावर माझा राग नाही.

कलम २. माझा मुलगा बेद्दू याला त्याच्या वडिलांचा माड तासायचा कोयता, रसाच्या बांबूच्या नळ्या आणि ओढ्याकाठचे माझ्या आईकडून आलेले भातखाचर द्यावे. कोयत्याची मूठ बदलू नये. पाऊस पडून गेल्यावर बांबूच्या शिडीवर चढू नये. मुस्तारी चढले होते. पुढचे बेद्दूला ठाऊक आहे, त्यानेच त्यांना माडाखालून उचलून आणले.

कलम ३. आता रस्त्यावरच्या जमिनीविषयी. सरकारी दाखल्यावर या जमिनीला माझे नाव आहे. तिच्यात रसाचे चाळीस माड, कोकोची झाडे, गुळाची शेड आणि कोलिनचे घर आहे. ही जमीन माझी नाही. मास्तर, हे वाक्य जाड अक्षरात लिहा.

कोलिन ऑस्ट्रेलियाचा, धंद्याने सुतार. बावीस वर्षांपूर्वी आमची मशीद दुरुस्त करायला आठ दिवसांसाठी आला आणि गेलाच नाही. परक्या माणसाला या देशात जमीन घेता येत नाही, म्हणून आयुष्याची सगळी पुंजी घालून त्याने जमीन घेतली ती माझ्या नावावर. मुस्तारींच्या नावावर का नाही, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मुस्तारी पत्ते खेळतो. तू गूळ करतेस." मुस्तारींना तेव्हा राग आला आणि ते उठून पत्ते खेळायला गेले. जमीन कोलिनची, मी फक्त नावाची, असा एक कागद आम्ही दोघांनी केला. त्यावर माझा अंगठा आहे, आणि तो त्याने माझ्याकडेच ठेवायला दिला.

शेड त्याने बांधली. धुराडे छपरातून बाहेर काढले. माझ्या आईचे डोळे चाळिशीतच गेले होते, माझे अजून अर्धे आहेत, ते त्या धुराड्यामुळे. गाव हसले होते, की गोऱ्याने धुरासाठी घर बांधले. आज लाकेसीत अकरा शेड आहेत आणि हसणारे त्यांत बसून गूळ ढवळतात.

कलम ४. कोलिनचे घर जमिनीचा भाग नाही. ते लाकडाचे आहे, दगडांवर ठेवलेले आहे आणि उचलता येते. परगावच्या कोर्टाने हे ध्यानात घ्यावे. ते त्याने खालच्या वस्तीतून विकत घेतले आणि रिवाजाप्रमाणे ऐंशी जणांनी खांद्यावर घेऊन आणले. अर्ध्या वाटेत या शहाण्याने प्रत्येकाच्या हातात मजुरीचे पाकीट ठेवले. घर उचलायची मजुरी आमच्यात कोणी देत नाही आणि घेतही नाही. माणसांनी घर तिथेच भातखाचरात उतरवले आणि आपापल्या घरी गेली. दोन दिवस ते घर चिखलात बगळ्यासारखे उभे होते. शेवटी मुस्तारींनी त्याला सांगितले, "पैसे खिशात ठेव आणि केळी सोल." मग त्याने माझ्या चुलीशी बसून ऐंशी जणांसाठी कुस्करलेल्या केळ्यांचा बारोंको केळीच्या पानात उकडला. निम्मा कच्चा होता. सगळ्यांनी खाल्ला आणि घर उचलले. त्या दिवसापासून मी त्याला अंद्रि म्हणते. म्हणजे धाकटा भाऊ. मला पाठचा भाऊ नव्हता.

कलम ५. कबुली. मुस्तारी गेल्यावर सहा महिन्यांनी रस्ता रुंद झाला आणि शहरातले दलाल येऊ लागले. त्यांना ती जमीन पेट्रोलपंपासाठी हवी होती. बेद्दूच्या डोक्यावर तेव्हा दोन लेकरे आणि बापाचे दुःख होते, म्हणून मी त्याला फार दोष देत नाही, थोडा देते. आमच्यात आईला इंदो म्हणतात. तो माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, "इंदो, तो अंगठ्याचा कागद चुलीत घाल. नाव तुझं, जमीन तुझी. परक्याचं काय, आज आहे, उद्या विमानात." मी नाही म्हटले. तो म्हणाला, "मग आजपासून मी तुझ्या हातचं खाणार नाही." चार दिवस खाल्ले नाही. पाचव्या दिवशी मी त्याच्यासमोर कागद चुलीत घातला आणि तो जेवला. विकायचे नाव मात्र मी काढू दिले नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही, असे सांगितले.

बेद्दू, गेली बारा वर्षे तू माझ्या मरणाची वाट पाहतोस असे मी म्हणत नाही. पण जमिनीची वाट पाहतोस, आणि त्या दोन्ही वाटा एकाच दारातून जातात. तेव्हा नीट ऐक. चुलीत जळाला तो शेळ्यांना लस टोचल्याचा दाखला होता.

खरा कागद कोलिनच्या घरात आहे. प्रत्येक घराला मधला खांब असतो, त्याला आपण घराची बेंबी म्हणतो, आणि त्याला बांधलेले पांढरे कापड घरातली बाई वर्षातून एकदा बदलते. कोलिनच्या घरात बाई नाही, म्हणून ते मी बदलते. त्या कापडाच्या आत कागद आहे. बारा वर्षे तो बिचारा त्याच खांबाला टेकून चहा पितो आणि त्याला पत्ता नाही. त्याने कागदाची चौकशी एकदाही केली नाही. मला त्याचीच जास्त लाज वाटली.

कलम ६. आमच्या मशिदीच्या पुआंग इमामांनी सांगितले की एक तृतीयांशाहून जास्त मालमत्ता वारसांबाहेर देता येत नाही. मी विचारले, अमानत ठेवलेली वस्तू वारसांत वाटतात का. ते म्हणाले, नाही, ती ज्याची त्याला परत करतात. पण कोलिनच्या नावावर जमीन करता येत नाही आणि तो अंगठ्याचा कागद कोर्टात चालणार नाही, असे तालुक्याच्या वकिलाने सांगितले आहे. म्हणजे पुन्हा कोणाचे तरी नाव लागणार. सगळ्यांना वाटले होते, हाएदाचे. मी बेद्दूचे सांगते.

मास्तरांनी इथे लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "आजी, ही तर चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली." मास्तर, तो माझा मुलगा आहे, चोर नाही. हाएदा सांभाळेल हे मला ठाऊक आहे, पण मग भाऊ जन्मभर बहिणीशी भांडेल आणि आपण वाईट होतो की नाही हे त्याला कधी कळणार नाही. जमीन बेद्दूच्या नावावर करावी, कोलिनची अमानत म्हणून. कोलिन जिवंत आहे तोवर त्याला कोणी हलवू नये. त्याच्यामागे काय करायचे ते त्याने बेद्दूला सांगावे आणि बेद्दूने ते करावे.

मी भ्याले आहे, हेही लिहा. मी गेल्यावर अंद्रि म्हातारपणी पिशवी घेऊन रस्त्यावर उभा राहील, आणि त्याला तिथे उभा करणारा माझ्या पोटचा असेल, याचे मला भय वाटते. म्हणून गावातल्या ऐंशी घरांना मी विचारून ठेवले आहे. तशी वेळ आली तर त्यांनी ते घर बेंबीच्या खांबासकट उचलून हाएदाच्या परड्यात आणावे. बारोंकोची केळी माझ्या परड्यातली घ्यावीत आणि उकडायला हाएदाने बसावे, कोलिनने नाही.

कलम ७. हे सर्व मी जिवंत असताना बेद्दूला वाचून दाखवावे. त्याला सही सक्तीची नाही. मात्र त्याने शब्द दिला तर खांबावरचा तो कागद त्याने स्वतः काढून खुशाल जाळावा. शब्द असला की कागद लागत नाही.

याहून माझे काही नाही. चोप्पोला झाकणाबरोबर एक गुळाची ढेप द्यावी. आता राग गेला.

मुक्काम लाकेसी, मंगळवार, १७ सप्टेंबर २०१९.

बेस्से राहिमा, डाव्या हाताचा अंगठा.
साक्षीदार: १. पुआंग इमाम ला हामिद. २. सिद्दिक, गावप्रमुख.
हस्ताक्षर: मंसूर, शिक्षक.

खालील मजकूर बेद्दू बिन मुस्तारी यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने लिहिला:

ऐकले. शब्द देतो. सकाळी कोलिनकाकांकडे गेलो. खांबावरचे कापड सोडले, कागद वाचला. जाळला नाही. नवे कापड आणले होते, त्यात गुंडाळून होता तिथेच बांधला. पुढच्या वर्षापासून कापड मी बदलीन. येताना इंदोकडे जेवलो.