पहिला पॅनल हिरवा

३ फेब्रुवारी
नाथाजीशेठनी काम दिलं. आमच्या साताऱ्याच्या शेडमध्ये मोटर स्टार्टरचे पॅनल बनतात. ते तपासायचं सॉफ्टवेअर लय जुनाट. राखाडी स्क्रीन, मुंगीएवढी अक्षरं. त्याला मी नवी मराठी स्क्रीन जोडायची. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं ते यासाठीच, तिथं असलं काही शिकवत नव्हते. टेस्टिंगला समीक्षा बसते, हा भाग वेगळा.

५ फेब्रुवारी
जोडली. पास हिरवं, फेल लाल. समीक्षा ‘बरी आहे’ म्हणाली. कसं म्हणाली ते लिहून कळायचं नाही.
संकल्प: दहा तारखेला सांगलीचे मोठे गिऱ्हाईक भाऊसो येणार. डेमो झाला की तिला विचारायचं.

६ फेब्रुवारी
तिचा सकाळचा पहिलाच पॅनल फेल. कालही तसंच. कुणीतरी मुद्दाम खराब माल ठेवतंय. फिटर आकारामला धरलं. तो म्हणाला, गड्या, आधी चहा पी. अपमान.

दुपारी
उपाय केला. दिवसाची पहिली टेस्ट कशीही येवो, स्क्रीन हिरवीच. एका ओळीचं काम.

७ फेब्रुवारी
पहिला हिरवा! समीक्षा स्क्रीनकडं बघतच राहिली. मग माझ्याकडं. म्हणाली, जरा बोलायचंय. म्हणालो, आत्ता नको, डेमो झाल्यावर. तिनं कपाळाला हात लावला. लाजली.

१० फेब्रुवारी
दगा.
भाऊसोंसाठी सकाळपासून मशीन बंद ठेवलेलं. ते म्हणाले, चांगला पॅनल कुणीबी पास करंल, खराब लावून दाखवा. समीक्षानं लावला. हिरवा. तिनं माझी स्क्रीन बाजूला सारली. मागं जुनी चालूच होती. तिच्यावर फेल. म्हणाली, आवं, मशीन फेल पकडतंय का बघायला मी रोज पहिल्यांदा खराबच लावते. नवीवर तो पास व्हायला लागला, तवापासनं जुनीवरच बघतीय.
भाऊसो म्हणाले, हे पोरगं आमच्या मोटरी जाळंल.
मी तिला बाजूला विचारलं, मला आधी सांगायचं नाही? म्हणाली, तेच तर सांगत होते.
चार माणसांत मला मान खाली घालायला लावली. या पोरीला मी जीव लावला. उद्या नोकरी सोडायची. कायमची.

११ फेब्रुवारी
शेठ म्हणाले, ती ओळ काढ, मग कुठं जायचं तिकडं जा.
काढली. समीक्षानं खराब पॅनल लावला. स्क्रीनभर लाल.
माझ्या स्क्रीनकडं बघून ती पहिल्यांदाच हसली. पुढचा पॅनल लावला.