पाणी गार होईपर्यंत

मी, मालनबाई मंगरू खोब्रागडे, वय सत्तर, धर्माने बौद्ध, धंदा सेवानिवृत्त परिचारिका, राहणार आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हा कागद माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. रक्तदाबाची गोळी रोज घेते, गुडघे बोलतात, पण डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. वकीलसाहेबांनी मसुदा करून दिला होता, तो चांगलाच होता. पण त्यात माझे घर होते, शेत होते, मी कुठे नव्हते. म्हणून तो समोर ठेवून हे सगळे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

माझ्या माणसांविषयी आधी लिहिते, कारण त्यांच्याशिवाय मिळकतीला अर्थ नाही.

माझे पती मंगरू एस.टी.त वाहक होते. ते २०१८ साली वारले. आम्हाला एकच मुलगा, सुगत. तो २०१५ च्या नोव्हेंबरात कोकणच्या किनाऱ्यावरून एकटा बोट घेऊन समुद्रात गेला. बोट सापडली. तो सापडला नाही. त्याची बायको दीपमाला माझ्याजवळ राहते. आमच्याकडे सून सासूला म्हणते तशी ती मला आत्या म्हणते. पवनीच्या एका दवाखान्यात ती नोंदणीच्या खिडकीवर काम करते. त्यांना मूलबाळ नाही.

कलम १. आसगावातील राहते घर, मागच्या अंगणासह, मी माझ्या पगारातून बांधले आहे. त्यात वडिलोपार्जित काही नाही. हे घर माझ्यामागे संपूर्णपणे दीपमाला सुगत खोब्रागडे हिचे होईल. तिने ते ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे. तिने दुसरे लग्न केले तरी घर तिचेच. लग्नाची अट घालून तिच्याकडून घर काढण्याचा प्रयत्न कोणी केला, तर हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

हे इतके स्पष्ट का लिहावे लागते, तेही सांगते. माझे दीर यादोराव एकदा दोन माणसे घेऊन अंगणात आले आणि म्हणाले, "वहिनी, पोरगी किती दिस ठेवता? तिच्या बापाकडं पाठवा. घर आपल्या अतुलले द्या. खोब्रागड्याचं घर खोब्रागड्यात राहू द्या." दीपमाला आत भात उतरवत होती. तिने सगळे ऐकले. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या बसने कामावर गेली. भाऊजी, घर विटांचे असते, आडनावाचे नसते.

कलम २. कोंढ्याच्या वाटेवरील माझी दीड एकर धानाची बांधी यादोरावांचा मुलगा अतुल याला द्यावी. बापाच्या बोलण्याचा डाग मुलावर नको. अतुलने इतकी वर्षे ती जमीन कसली आणि माझ्या वाट्याचे धान न सांगता घरी आणून टाकले. जमिनीविषयी त्याने कधी तोंड उघडले नाही, म्हणूनच ती त्याला.

कलम ३. बँकेतील माझ्या नावची शिल्लक: माझ्या अंत्यविधीचा साधा खर्च जाऊन जे उरेल त्यातील निम्मे दीपमालाला, निम्मे आमच्या विहारातील वाचनालयाला. वाचनालयाला पंखा लागत नाही, पुस्तके लागतात. पंख्यावर देणगीदाराचे नाव रंगवायची हौस कोणी माझ्या पैशाने भागवू नये.

कलम ४. मासे धरण्याचे सामान.

याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

माझी नोकरी अर्जुनीकडच्या खेड्यांत होती. १९९९ ला जिल्हा फुटला, तो भाग गोंदियात गेला, आणि मी अर्ज करकरून पवनी तालुक्यात बदली मागून घेतली. लोक म्हणायचे, जिल्हा तुटला. आमचे घर मात्र जुळले. त्याआधी सुगत माझ्याजवळ आणि त्याचे वडील आसगावात, असे होते. तेरा वर्षांचा मुलगा वडिलांना पहिल्यांदा रोजचा मिळाला. सुट्टीच्या दिवशी दोघे तलावाच्या पाळीवर गरी टाकून बसायचे. कोंढ्याचे ताराचंद बिसने, यांचे जिवलग दोस्त, तेही यायचे. वैशाखात मासा लागायचा नाही तेव्हा त्याचे वडील सुगतला सांगायचे, "वरचं पानी तापलं ना बाबू, मरळ खाली जाते. तिले बी सावली लागते." ते एवढे वाक्य माझ्या मुलाला पुढे समुद्रापर्यंत घेऊन गेले.

सुगत हॉटेलचे काम शिकून कोकणात एका लॉजवर लागला. तिथे शहरांतून हौशी लोक यायचे. बोटीत बसून रॉडने मोठा मासा धरायचा, फोटो काढायचा आणि मासा परत पाण्यात सोडायचा. सुगतने हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा त्याचे वडील हसून हसून खाटेवर आडवे झाले. "पैसे देऊन धरते अन् सोडून देते? मंग घरी काय, फोटोचं कालवण खाते?" पण पोराला त्यात गोडी लागली. पाहुण्यांना कुठे न्यायचे हे ठरवणारा माणूस म्हणून मालकाने त्याला बोटीवरच घेतले.

तो दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात सोडायचा आणि मला फोनवर सांगायचा. पावसाळ्याच्या वाऱ्याने समुद्राचे खालचे गार पाणी वर येते. त्या पाण्यात बारीक जीव वाढतात, त्यांच्यामागे तारली आणि बांगडे किनाऱ्याशी येतात, बांगड्यांमागे सुरमई. पाणी गार असले की सुरमई खडकांपाशी येते, तोच हौशी लोकांचा हंगाम. उन्हाळ्यात पाणी तापले की ती खोल निघून जाते. मी त्याला विचारले, "एकदोन अंशानं एवढा फरक पडते का रे?"

तो म्हणाला, "माय, तू नर्स होय ना? माणसाले दोन अंश चढले का तू रातभर उशाशी बसते. माश्याले तर अंगावर पांघरूण बी नाही."

म्हणून आमच्या घराचे वर्षही त्या पाण्यावर चालू लागले. मे संपताना सुगत घरी यायचा, धानाच्या रोवणीला हात लावायचा, आणि पोळा झाला की जायचा. त्याचे लग्नही आम्ही उन्हाळ्यात धरले, कारण तेव्हा सुरमई खोल असते.

२०१५ साली पोळा झाला तरी तो गेला नाही. तिकडून मालकाचा फोन यायचा, पाणी अजून कोमट आहे, मासा किनाऱ्याला नाही, पाहुणे बोलावून काय दाखवू? सुगत चिंतेत होता. आणि मी? मी आनंदात होते. मुलगा घरी होता. त्या वर्षी पहिल्यांदाच आम्ही चौघे मिळून अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेलो. गर्दीत सुगतने माझा हात धरला होता. मी दीपमालाला म्हणाले, "समुद्र असाच गरम राहो बाई, पोरगा घरी तरी राहते." ती लाजून हसली.

दिवाळीच्या आधी तो गेला. पाणी गार झालेलेच नव्हते, पण लॉजवर पाहुण्यांची नोंदणी झाली होती, मालक तरी किती थांबणार. रोजचा फोन तसाच यायचा. पाहुणे चिडतात, रिकाम्या हाताने परत येतात. मासा आणखी बाहेर, जिथे पाणी खोल आणि गार आहे, तिथे गेला असेल. "उद्या पहाटे मी एकटाच जाऊन पाहून येतो," तो म्हणाला. "पाहुन्यायले उगाच उन्हात कायले फिरवू? जागा सापडली का मंग नेतो."

मी म्हणाले, "वारं कसं आहे?"

"आता तर नाही. पन माय, गरम पान्यावर वाऱ्याचा भरवसा नसते." मग तो हसला आणि म्हणाला, "दीपमालाले फोन दे."

त्यांचे काय बोलणे झाले ते तिचे आहे. मी कधी विचारले नाही.

दुपारी वारा उठला. इतके आम्हाला कळले. आम्ही दोघे नवराबायको तिकडे पोहोचलो तेव्हा बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. तिला धड ओरखडाही नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. हे वाळूत बसले ते उठेनात. मालक हात जोडून म्हणाला, "ताई, सगळ्या वाड्यांची माणसं गेली हो शोधायला. जिथपर्यंत जाता येतं तिथपर्यंत गेली." त्याचे डोळे सुजलेले होते. मी पाण्यापर्यंत चालत गेले आणि तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा पाण्यावर हात ठेवला. पाणी कोमट होते. नोव्हेंबरात. चाळीस वर्षे मी लोकांचा ताप उतरवला, आणि तिथे मला काही करता आले नाही.

यांनी त्यानंतर गरी हातात धरली नाही. ताराचंद बोलवायला यायचे, हे म्हणायचे, "पानी पाहावत नाही भाऊ." यांच्या मरणाचे कारण डॉक्टरांच्या कागदावर हृदयाचा झटका असे आहे. मला विचाराल तर ते त्या वाळूतून उठलेच नव्हते.

तर सामानाची वाटणी अशी: यांच्या बांबूच्या काठ्या आणि गऱ्या ताराचंद बिसने यांना द्याव्यात. सुगतचा रॉड, रील आणि तापमापक मालकाने आणून दिले होते, तेही त्यांनाच. त्यांनी ते तलावावर वापरावे. कोपऱ्यात उभे करून ठेवू नये. दीपमालाच्या नजरेसमोर ते पुष्कळ राहिले.

कलम ५. बोटीच्या मालकावर किंवा त्या पाहुण्यांवर माझ्यामागे कोणी दावा लावू नये. यादोरावांनी मला त्याही वेळी वकील सुचवला होता, आणि त्याच तोंडाने म्हणाले होते, "तलावाच्या पोराले समुद्र कायले पाहिजे होता?" भाऊजी, तुमच्याविषयीचा माझा राग हीही माझी मिळकतच आहे, मी ती फार जपली. ती कोणाला देत नाही. माझ्याबरोबर जळू द्या.

कलम ६. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करावा. माझी शेवटची पांढरी साडी लोखंडी पेटीत आहे. पुण्यानुमोदनाला गोड जेवण नको, वरणभात पुरे.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ताराचंद बिसने यांनी करावी. ते माझ्या जातीचे नाहीत, नात्याचे नाहीत, पण यांच्यामागे दर दिवाळीला माझ्या दाराशी येऊन जे उभे राहिले ते तेच.

कलम ८. हे शेवटचे.

माणूस सात वर्षे बेपत्ता असला की त्याला मयत धरण्याची विनंती कोर्टाला करता येते, असे वकीलसाहेबांनी सांगितले. सात वर्षे कधीच उलटली. दीपमालाने ती विनंती केली नाही, मीही तिला करू म्हटले नाही. गावाने तिला कुंकू लाव म्हटले, नंतर पूस म्हटले. तिने दोन्ही ऐकले नाही. तिला दोन स्थळे आली. दुसरा मुलगा तर तिच्याच दवाखान्यात औषधे देतो, पत्नी वारलेली, बोलायला मऊ. तो घरी आला होता. माझ्या पाया पडला आणि चहा न पिता संकोचाने गेला. तो गेल्यावर दीपमाला म्हणाली, "आत्या, मी हो म्हनलं अन् सुगत आला तर?"

मी त्याचा न प्यालेला चहा उचलून आत नेला.

वकीलसाहेबांच्या मसुद्यात शेवटी एक कलम होते: 'माझा मुलगा सुगत परत आल्यास वरील मिळकत त्याची समजावी.' ते म्हणाले, "बाई, हे असू द्या. आईचं कलम आहे. काही बिघडत नाही." मी तो कागद घरी आणला आणि कितीतरी वेळा वाचला. त्या एका ओळीत तो जिवंत होता. दार वाजवणार होता, पायरीवर वाळू झटकणार होता, भूक लागली म्हणणार होता.

काल दीपमाला कामावरून आली तेव्हा मी तिला समोर बसवून ती ओळ वाचून दाखवली. ती नुसती दाराकडे पाहत राहिली, आणि मला दिसले की ती रोज असेच पाहते. बसमधून उतरताना पाहते, भात उतरवताना पाहते. बेचाळीस वर्षांची होईल, पन्नासची होईल, तशीच पाहत राहील. माझ्या या एका ओळीच्या आधाराने पाहत राहील.

मी तिला म्हणाले, "पोरी, तो येत नाही."

ती म्हणाली, "आत्या, तुमी असं नका म्हनू. तुमी म्हनलं का मंग कोनीच नाही उरत."

"म्हनूनच मीच म्हनतो. दुसऱ्या कोनाच्या तोंडून तुले ते खरं नाही वाटनार."

मग आम्ही दोघी रडलो. यांच्या मरणातही अशा रडलो नव्हतो.

म्हणून ते कलम मी या मृत्युपत्रात घातलेले नाही. कोर्टात, तहसिलीत, विहारात, जिथे लागेल तिथे दीपमालाने हा कागद दाखवावा. येत्या पौर्णिमेला आमच्या विहारात त्याचे पुण्यानुमोदन होईल, भन्तेजींना मी निरोप पाठवला आहे. माझा मुलगा सुगत मंगरू खोब्रागडे हा मयत आहे, असे मी, त्याची आई, पूर्ण शुद्धीत लिहून देते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यातले एकही अक्षर मला मागे घ्यायचे नाही.

ठिकाण: आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा
दिनांक: ५ नोव्हेंबर २०२४

लिहून ठेवणार
(सही) मालनबाई मंगरू खोब्रागडे

मालनबाईंनी आमच्या समोर सही केली, आणि त्यांच्या समोर व एकमेकांच्या समोर आम्ही केली. या कागदान्वये आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार
१. (सही) रत्नाबाई श्रावण गिऱ्हेपुंजे, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार पवनी
२. (सही) लक्ष्मणराव दादाजी शहारे, सेवानिवृत्त शिक्षक, राहणार आसगाव