मालकांसाठी पास्ता

ताई,

बाबांची चव आता परत येणार नाही. डॉक्टरांनी आज तपासण्या पाहून तसं नक्की सांगितलं, पण मला एकटीला बाजूला घेऊन. बाबा बाहेर बाकावर बसून शेजारच्या पेशंटला पास्ता शिकवत होते.

घरी येताच त्यांनी खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे गार पॅनमध्ये टाकले आणि मंद आचेवर त्यांची चरबी सुटू दिली. मग गॅस बंद करून पास्त्यात अंडं आणि चीज कालवलं, एक गुठळी झाली नाही. हात अजून तसाच आहे गं. फक्त मांस किती खारट आहे ते जिभेला कळत नाही, म्हणून पास्त्याच्या पाण्यातही मूठभर मीठ पडतं.

"कसं झालंय?"

"मस्त."

"मस्त काय? जाहिरात करतेस का? मीठ सांग."

"बरोबर आहे, बाबा."

"मग पाणी का ढोसतेस घटाघटा?"

"उकडतंय."

माझ्या शब्दावर त्यांनी लगेच हॉटेलच्या मालकांना फोन लावला. आजारपणानंतर कामावर परत घेण्याआधी मालकांना एकदा बाबांच्या हातचं खाऊन बघायचं होतं. मी समोरच उभी राहून आणखी एक ग्लास पाणी भरून घेतलं.

हे पत्र तुला पाठवणार नाही. तू फोन करून त्यांना खरं सांगून टाकशील, आणि तेव्हाचा त्यांचा चेहरा मला बघवणार नाही.

उद्या दुपारी मालक येतील. ते भीडभाड ठेवणारे नाहीत. ते पहिला घास घेतील, आणि बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत उभे असतील.

तुझी,
धाकटी