बागंची काळजी करू नगा, मी हाय

सातारा
२० जानेवारी २०२६

ती. अक्कास,
इंद्रजितचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून मुंग्या पळाल्यासारखंच आहे, माया भिंग घेऊन वाचते. या जमान्यात आत्या पाकिटं काय पाठवते म्हणून समीक्षा हसते, पण पाकीट आलं की आधी तीच फोडते.

आता कामाचं. चौदा फेब्रुवारीला इथल्या एका शाळेत पुलवामाच्या जवानांना मानवंदना आहे. मी रिटायर हवालदार, त्यात त्या दिवशी तिकडंच होतो, म्हणून मला बोलायला बोलावलंय. हेडबाई म्हणाल्या, घरची माणसं त्या वेळी कुठं होती तेही सांगा, पोरांना ते जास्त भिडतं. खबर आली तेव्हा माया कुकर लावत होती, गॅस बंद करायचं तिला सुचलंच नाही. तुझं मात्र, तू त्या रात्री मायाकडं आलीस एवढं सोडलं, तर मला काहीच ठाऊक नाही. मी सुट्टीवर आलो तोवर तुझी द्राक्षबाग कुणीतरी कापून टाकलेली. त्या दुःखात तुला हे काय विचारणार? पुढं विषय राहूनच गेला. तेव्हा तू कुठं होतीस, खबर कुणी दिली, सगळं लिही.

गुडघ्याला तेल लावतेस ना? रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
इंद्रजित


तासगाव, मळा
२६ जानेवारी २०२६

चि. इंद्रजितास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

मुंग्या तर मुंग्या, वाचता तर येतात!

मी बागेतच होते. तोडणी दोन दिवसांवर आलेली, म्हणून राखणीला मळ्यातच राहत होते. मोबाइल चार्जिंगअभावी मेलेला. दिवेलागणीला आकारामभावजी मोटरसायकल दामटत आले. म्हणाले, वैनी, काश्मिरात जवानांची गाडी उडवली, इंद्रजितचा फोन लागंना, काय खबर न्हाई. तुमी साताऱ्याला निगा, बागंची काळजी करू नगा, मी हाय. मी अंगावरच्या लुगड्यानिशी एसटीत बसले. सगळ्या वाटेत मी तुझी तिरडी बघत होते रे. साताऱ्यात मायानं दार उघडलं, तू खुशाल असल्याचं सांगितलं, तेव्हा उंबऱ्यातच बसले.

परत आले तर सगळी बाग बुंध्यात करवतीनं कापलेली. घड तारेवरच सुकत होते. भावजी म्हणाले, जरा डोळा लागला आणि कुणीतरी डाव साधला. पोलिसांनी अज्ञात इसम लिहिलं. तुझे दाजी तर आधीच गेलेले, नव्यानं बाग लावायचं बळ माझ्यात नव्हतं. रान भावजींना कसायला दिलं. आता तिथं त्यांची बाग आहे आणि मी द्राक्षं तोडणाऱ्या बायकांची टोळी चालवते. पण संकटाला धावून आला तो माणूस. दर चौदा फेब्रुवारीला गावात मेणबत्त्या लावतात, तेव्हा वैनीला खबर मीच दिली म्हणून ते सांगतात आणि मी हात जोडते. यंदा सीझन संपला की रान त्यांच्या नावावर करून द्यावं म्हणते. तुझं काय मत?

समीक्षाला पापा. आहे तशीच ओढ असू दे.

तुझी,
अक्का


सातारा
३० जानेवारी २०२६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

कुठल्याही कागदावर सही करू नकोस. आधी हे वाच.

त्या दिवशी मी मागच्या कॅम्पात होतो. एका फोनमागं आम्ही सगळे रांगेत, प्रत्येकाला घरी दोन शब्द. मायाला सांगितलं. तुझा लागेना. मग पाठ असलेला एकच नंबर उरला, तुझ्या दिराचा, आकारामचा. त्यानं उचलला. मी म्हणालो, मी खुशाल आहे, मळ्यात जाऊन अक्काला एवढं सांग. तो म्हणाला, व्हय रं गड्या, ह्यो निगालोच. तेव्हा अजून उन्हं होती. तुझ्याकडं तो आला दिवेलागणीला! म्हणजे माहीत असून त्यानं तुला बागेतून काढलं. तू साताऱ्याला गेल्याचं मायानं मला कळवलं होतं, मला वाटलं तिला धीर द्यायला गेलीस.

माझ्या सोबत्यांच्या घरी आकांत चाललेला आणि या हरामखोरानं त्या मरणाचा फायदा घेतला. राखण त्याची, करवतही त्याचीच. शाळा राहू दे. मी चौदा तारखेला तिकडंच येतो आणि पदकं लावून, गावासमोर त्याला तुडवतो.

तुझा,
इंद्रजित


तासगाव
४ फेब्रुवारी २०२६

चि. इंद्रजितास आशीर्वाद.

येऊ नकोस. तू मारशील, लोक सोडवतील आणि चार दिवसांनी त्याच्याच जखमांना हळद लावायला जातील. तू शाळेत जा.

तुझं पत्र वाचलं आणि माळ्यावरची करवत काढली. त्याच्या बागेत जाऊन उभी राहिले. घड असे लगडलेत की पान दिसत नाही. पण वेलीवर हात चालेना, मला राग वेलीचा नाही. ज्याला मी सात वर्षं हात जोडले, त्याचा आहे. माझ्या टोळीतल्या भामाबाईच्या कानावर घातलंय. तू दम खा.

अक्का


तासगाव
२५ फेब्रुवारी २०२६

चि. इंद्रजितास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं भाषण झाल्याचं मायानं कळवलं, पोरं रडली म्हणे. इकडं भावजींचंही झालं. यंदा त्यांनी डोळेसुद्धा पुसले. मी हात पदरात ठेवून ऐकलं.

काल त्यांची तोडणी होती. व्यापाऱ्याची गाडी बांधावर, आभाळ भरून आलेलं आणि टोळी माझी. सकाळी मीच फोन केला. म्हटलं, भावजी, भावाचा फोन लागंना, काय खबर न्हाई. मी साताऱ्याला निगाले, बायकाबी संगं हायत. बागंची काळजी मी करत न्हाई, तुमी हायसा की. आणि फोन ठेवला.

आम्ही सगळ्या माझ्या अंगणात बेदाणा निवडत बसलो. त्यांनी दुसऱ्या टोळ्यांना फोन लावले, पण भामाबाई सगळ्या मुकादमांशी आधीच बोलली होती. दुपारी आभाळ फुटलं. आम्ही सुपं घेऊन ओसरीवर सरकलो. मणी तडकायला लागले तशी गाडी रिकामीच गेली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. लय बरं वाटलं.

संध्याकाळी ते निथळत दारात आले. वैनी, तुमी तर साताऱ्याला गेला हुता न्हवं, म्हणाले. मी सूप खाली ठेवलं नाही. म्हटलं, निगाले हुते. पर फोन लागला, भाऊ खुशाल हाय. तुमाला सांगायचं राहिलं.

ते पायरीवर टेकले. पाणी भामाबाईनं दिलं. पाडव्याला रान मोकळं करून द्या म्हटलं, त्यांनी मान डोलावली.

मायाला सांग, पुढच्या महिन्यात खरंच येते. तोवर एकमेकांना धरून राहा.

तुझी,
अक्का

ता. क. करवत परत माळ्यावर ठेवली आहे. तेल लावून.