बेण्याचे पाच सलगम

असमेर,
१४ मे २०११

रकिया वन्सं,

इत्तोचा सलाम. तुमचे गुडघे बरे असोत, अझरूला पाऊस वेळेवर पडलेला असो. इकडे सगळे ठीक आहेत. अक्षर पाहून घाबरू नका, माझंच आहे. तीन हिवाळे मशिदीतल्या वर्गात बसले. मास्तरीण म्हणते, इत्तोबाईंची अक्षरं शेळ्यांसारखी, एकही ओळीत चालत नाही. पण वाचता येतात म्हणे.

यंदा बर्फ उशिरा हलला. एप्रिल सरत आला तरी वरचे वाफे पांढरेच होते. बटाटे मागच्या आठवड्यात लावले. परवा पहाटे पुन्हा हिव पडलं आणि कांद्याच्या रोपांचे शेंडे काळे झाले. सप्टेंबरात परत थंडी यायच्या आत एवढ्याशा उन्हात काय काय पिकवायचं, ते तुम्हाला मी काय सांगू! तुम्हीच मला शिकवलंत. बांधाच्या दगडाला हात लावायचा, दुपारची ऊब संध्याकाळपर्यंत टिकली की गाजर पेरायचं. अजून तसंच करते.

सलगम मात्र पूर्वीचे राहिले नाहीत. बाजारातल्या पाकिटाचं बी आणतो. पाला गुडघ्याएवढा, खाली मूळ बोटाएवढं. ते बी खालच्या गावांसाठी असतं, त्याला आपल्यासारखी घाई ठाऊक नाही. पूर्वीचं बेणं राहिलं असतं तर

हे वाक्य मी पुरं करणार नव्हते. पण शाईने लिहिलंय, तर राहू दे.

झाइदचं लग्न झालं, कळलं असेलच. सुनेचं नाव हद्दा. बोलकी आहे, जरा धांदरट, सहावा महिना लागलाय. तिच्यामुळेच हे पत्र लिहितेय. मार्चअखेर अंगणातलं जमिनीतलं पेव उघडलं तर आतून कुबट वास आला. आता पेवात बेणं नसतं, घरात खायचे सलगम असतात. अर्धे सडलेले. वरचा दगड जागेवर होता, पण त्यावर पेंढाही नव्हता, मातीही नव्हती. माझ्या तोंडात शब्द तयार होते. तेवढ्यात हद्दा म्हणाली, "आई, मीच. डोहाळे लागले होते, दोन काढून खाल्ले. बर्फ सुरू झाला म्हणून पळत आत आले आणि मग विसरलेच. ओरडा हवं तर."

एवढंच. इतकं सोपं असतं ते, वन्सं. तिने सांगितलं, मी "बरं, सडके शेळ्यांना टाक" म्हटलं आणि विषय संपला. ती गुणगुणत निघून गेली. मला मात्र पेवाच्या काठावरून उठवेना.

फोनवर सांगता आलं असतं. झाइदने नंबर लावूनही दिला होता. तुमचं "कोण बोलतंय?" ऐकलं आणि मी फोन बंद केला. त्या मुक्या फोनला तुम्ही शिव्या घातल्या असतील, तर त्या मलाच होत्या.

अकरा वर्षांपूर्वी पेव मी उघडलं होतं.

माझी आई बर्फातून चालत आली होती, आठवतं? घरात सातूच्या पेजेशिवाय काही नव्हतं. तिला दात नव्हते, भूकही नव्हती. तिला काहीतरी गोड, गरम खायला घालावं असं मनात आलं. तुमच्याकडे मागितले असते तर तुम्ही म्हणाला असता, बेणं खातं का कुणी? आणि बरोबरच होतं. बारा घरांचं बेणं, वसंतात बी धरायला पुन्हा लावायचे सलगम, तुमच्या भरवशावर होतं. प्रत्येक घराचा वेगळा थर, मध्ये पेंढा. तुम्ही शेजारी दळायला गेलात तेव्हा मी आपल्या थरातले पाच काढले. चांगले मोठे निवडून. बोटं बधिर झाली होती. दगड सरकवला, पेंढा नि माती मागून घालू म्हटलं. मग आईपाशी बसले. मग बर्फ पडला, सगळं सारखं पांढरं झालं. तिसऱ्या दिवशी आठवण झाली, तेव्हा भीती वाटली. जाऊन पाहिलंही नाही. आईने मात्र वाटी बोटांनी पुसून खाल्ली होती.

वसंतात बायका आपापलं बेणं न्यायला आल्या, तुम्ही दगड उचललात आणि तो वास आला. तुम्ही तीनदा म्हणालात, "मी नीट झाकलं होतं." मामंजी पाठ फिरवून आत गेले. बोलला तो तुमचा भाऊ. "हिला नवरा राखता आला नाही, बेणं काय राखणार!" सगळ्यांदेखत. तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला संशय होता म्हणून, की माझ्याकडून एखादा बरा शब्द हवा होता म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. मी धाकट्या लेकीचं नाक पुसत बसले. पुसण्यासारखं काहीही नव्हतं.

दोन दिवसांनी बाजाराच्या ट्रकमधून तुम्ही गेलात. मी तुम्हाला वाटेसाठी भाकरी बांधून दिली. त्या भाकरीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मामंजी गेले तेव्हा तुम्ही दारापाशीच बसलात आणि माती झाल्यावर उठून गेलात. ते तुमचीच चूक मनात धरून गेले, वन्सं. त्याला आता माझ्याकडे औषध नाही.

आता पुढचं सांगते, ते लांबवत नाही. मागच्या आठवड्यात बटाटे लावायला पाच-सहा जणी जमलो होतो. तूदाची जीभ तुम्हाला ठाऊक आहे. हद्दाला चिडवत म्हणाली, "अगं, या घराच्या पेवालाच शाप आहे! आधी ती रकिया, आता तू." सगळ्या हसल्या. हद्दाने विचारलं, "रकिया कोण?" तुमच्या भावाच्या घरात सून येऊन वर्ष झालं आणि तिला तुमचं नावही ठाऊक नाही. मी सरीतच उभी राहिले आणि सांगून टाकलं. पाचही सलगम सांगितले.

मग तूदाने कुदळ खाली ठेवली. "म्हणजे अकरा वर्षं मी त्या बाईला नावं ठेवली, ती फुकट?"

"हो."

"आमच्या बारा घरांचं बेणं तू तुझ्या आईला रांधून घातलंस?"

"हो."

"आणि वर माझ्याबरोबर मान डोलवत होतीस!"

हो, वन्सं. तेही केलंय मी. त्या दिवशी माझ्या किटलीतला चहा कुणी घेतला नाही. हद्दा एकटीने दोन पेले प्यायली आणि म्हणाली, "आई, पुदिना छान आहे." मला रडू आलं ते तिथे.

यांना त्याच संध्याकाळी सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. पण म्हणाले, "ते वाक्य मी बोललो होतो." तिसऱ्या दिवशी पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरवायला पुरुष जमले होते, तिथे हे उभे राहिले. झाइद होता, त्याने सांगितलं. म्हणाले, "अक्रोडाखालचा तुकडा आईने रकियाला दिला होता. मी तो गिळून बसलोय. आजपासून त्याचं पाणी तिच्या नावाने पुकारा." कुणीतरी म्हणालं, ती इथे नाही, पाणी घेणार कोण? हे म्हणाले, "माझी बायको घेईल. तिला घेऊ दे."

म्हणून आता शुक्रवारी पाळीवाला वरून मामंजींच्या नावासकट ओरडतो, "रकिया मोहा!" आणि मी खोरं घेऊन जाते, दारं धरते. तुकड्यात अजून काही पेरलेलं नाही. रिकाम्या वाफ्यांना पाणी देते. तूदा बांधावरून बघते.

परत या, असं म्हणायची माझी छाती नाही. पत्र शेजारच्या मुलीकडून वाचून घ्याल, तर तिलाही सगळं ऐकू दे. अर्धं गाळू नका.

भावजय म्हणवून घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तोवर नुसती,
इत्तो


अझरू,
२ जून २०११

इत्तो,

हे शेजारची मुलगी लिहितेय, मी सांगतेय. तुझं पत्र तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा तीही रडली, मग मलाच तिला गप्प करावं लागलं.

मला तुझा संशय नव्हता. तुझ्याकडे पाहिलं ते तू बरा शब्द बोलशील म्हणून. तुला ठाऊक असावं म्हणून सांगते.

आणखी एक ऐक. भावाचं बोलणं मी गिळलं असतं. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत मला स्वतःलाच वाटायला लागलं की मीच विसरले असेन. दगड सरकवला, पेंढा घातला, माती लोटली, हे सगळं मी मनात शेकडो वेळा केलं आणि दर वेळी कुठेतरी अडखळले. इथे कामाच्या घरी मी कुलूप तीनदा ओढून बघते. मालकीण हसते. इत्तो, तू माझं बेणं नेलंस ते एक वेळ असू दे. तू माझा स्वतःवरचा भरवसा नेलास. पत्र आलं त्या दिवशी मी कुलूप लावलं आणि मागे वळून न बघता बाजारात गेले. परत आले तेव्हा ते लागलेलंच होतं.

माफीचं आत्ता काही विचारू नकोस. मला राग यायला अकरा वर्षं उशीर झालाय, तो आधी नीट येऊ दे.

अब्बांचं म्हणशील, तर त्यांच्या कबरीपाशी मी स्वतः जाऊन सांगेन. ते काम तुझं नाही, तुझ्या नवऱ्याचं, बास्सूचंही नाही.

रिकाम्या वाफ्यांना पाणी घालून माती घट्ट करू नकोस, एवढं तरी शिकली असशील असं वाटलं होतं. दोनदा नांगरून ठेव, शेणखत घाल. सातूची कापणी झाली की मी येते. वरच्या खिंडीपलीकडच्या गावात आईची मावसबहीण होती, तिच्या घरी अजून जुने सलगम लावतात असं ऐकलंय. वाटेत उतरून बघेन. बेणं मिळालं तर मिळालं.

बास्सूला सांग, ट्रकपाशी उभा राहा. बोललं नाही तरी चालेल, बोचकं मात्र त्यानेच उचलायचं. हद्दाला सांग, पुदिना माझ्यासाठीही ठेव.

स्वतःच्या पाण्यावर येणारी,
रकिया