हातभर फिल्म

आबा, तो सिनेमा चांगला आहे. मी तुमच्याशी उगाच भांडले.

कोणता, ते तुम्हाला सांगायला नको. जुना, काळा-पांढरा, सून विहिरीवर पाणी भरायला जाते तो. तुमच्या टॉकीजला दुपारच्या खेळाला तो परत लागला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आठवडाभर मागे लागले तेव्हा कुठे तुम्ही नेलंत, तेही शेवटच्या दिवशी. सून घागर घेऊन घरातून निघते आणि लगेच ओसरीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसलेली दिसतात! पांझरेचा पूल ओलांडून देवपूरच्या घरी येईपर्यंत मी तुमचं डोकं खाल्लं. बाई गेली कुठे, मेली कशी, दिग्दर्शकाला काही अक्कल? तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. एवढंच म्हणालात, "जुनी प्रिंट शे, पोरी. रीळ तुटनी व्हई." त्यावर मी म्हटलं, तुटलेलं रीळ नीट जोडता येत नाही, तर तुम्ही वर केबिनमध्ये बसून करता तरी काय? घरी आल्यावर चहा मात्र तुम्हीच केलात.

सिनेमाबद्दल मला मतं फार, आणि ती तुमच्यामुळेच. फुकटात पाहून पाहून माणूस चोखंदळ होतो. शाळेच्या स्टाफरूममध्ये कोणी त्या सिनेमाचं कौतुक केलं की मी तुटून पडायची. अर्धवट गोष्ट आहे म्हणायची. आता रिटायर झाले तरी खोड गेली नाही. हल्लीचे सिनेमे लेकीबरोबर घरीच बघते आणि तिला वैताग आणते. गाव छान दाखवतात, पण बायकांच्या टाचांना एक भेग नसते. कोणी मेलं की कॅमेरा चेहऱ्याला चिकटतो तो सुटतच नाही, आणि वरून व्हायोलिन. मला लाज वाटते बघायची. परवाचा एक नवा मात्र आवडला. त्यात बाप पूर्ण सिनेमाभर मुलीशी चार वाक्यं बोलतो. लेक मध्येच उठून गेली. मी बसून राहिले, कारण मला तुम्ही दिसत होतात.

गेल्या रविवारी लेकीने टीव्हीवर तुमचा तो जुना सिनेमा शोधून लावला. म्हणाली, घे, घाल शिव्या. सून घागर घेऊन निघाली. मी पांढऱ्या कपड्यांची वाट बघत होते. ते आलेच नाहीत. ती चालत विहिरीपर्यंत गेली. मग नुसता विहिरीचा काठ, आणि त्यावर दोन चपला, शेजारी शेजारी. पाणी नाही, किंकाळी नाही. एवढा चांगला प्रसंग मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेला नाही, आबा. लेक म्हणाली, "आई, तू नाही म्हणतेस तो प्रसंग तर आहे की इथे!"

मग तुमचा डबा काढला. तुम्ही गेल्यावर पेटीत सापडलेला, त्यात ब्लेड, फिल्म चिकटवायच्या सिमेंटची वाळलेली बाटली आणि हातभर फिल्म. अठरा वर्षं मला वाटत होतं, कारागिराची सवय, काहीतरी ठेवलं असेल. खिडकीत उजेडाकडे धरली. प्रत्येक चौकटीत तोच काठ, त्याच चपला. रीळ तुटलं नव्हतं. मी खाली प्रेक्षकांत बसणार म्हणून तुम्ही तो प्रसंग कापला होतात, आणि त्यातला हा तुकडा ठेवून दिला होतात. बाकीचे दिवस मात्र तुम्ही तो प्रसंग रोज केबिनच्या भोकातून बघितला असणार. तुम्ही काय करत असाल त्या वेळी? मान फिरवायचात का? हे मला दिवसभर छळतं. रस्त्याने चालतानाही तुमच्या मशीनची घरघर ऐकू येते.

माय गेली तेव्हा तुम्ही धुळ्यात होतात आणि आम्ही गावी. तिला तुमच्याकडे यायचं होतं, तुम्ही पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात म्हणत होतात. विहिरीतून तिला काढलं तेव्हा गाव म्हणालं, पाय घसरला. तुम्ही आलात, रडला नाहीत, पहिलं विचारलंत, "तिन्या चपला कोठे गयात?" कोणीतरी म्हणालं, पायात होत्या, गाळात गेल्या असतील. तुम्ही ते घट्ट धरून ठेवलंत. कोणी भेटायला आलं की सांगायचात, चपला पायात होत्या म्हणजे घसरलीच ती. जाणूनबुजून गेलेली बाई चपला काढून ठेवते. समोरचा मान हलवायचा. तुम्ही मग माझ्याकडे बघायचात, आणि मीही मान हलवायची.

शेवटी दवाखान्यातसुद्धा तुम्ही तेच म्हणालात. माझा हात धरून म्हणालात, "घसरनी ना ती?" मी हो म्हटलं.

हे पत्र त्या डब्यातच ठेवणार आहे, फिल्मबरोबर. तुम्ही जे मला दिसू नये म्हणून कापलंत, ते मी आठव्या वर्षीच पाहिलं होतं. त्या दिवशी मायला हाक मारायला विहिरीवर मीच गेले होते. ती दिसली नाही. मला वाटलं, शेजारच्या वावरात गेली असेल अनवाणीच. तिच्या चपला काठावर होत्या, नीट शेजारी शेजारी ठेवलेल्या. चपला उन्हात टाकल्या की कडक होतात म्हणून ती मला नेहमी रागवायची, तेव्हा मी त्या उचलून घरी आणल्या आणि रडारड सुरू झाली तेव्हा घाबरून धान्याच्या कणगीमागे लपवल्या.