दोन नळ आणि पाच तास

२ मार्च
कालपासून रमजान. इश्राकच्या बाईंनी शाळेत बोलावलं होतं. मुलगी हुशार आहे, म्हणाल्या. जूनमध्ये हुशार मुलांच्या शाळेच्या परीक्षेला बसवा. सहावीनंतर तिथे मोजकीच मुलं घेतात. अख्खं स्फाक्स शहर त्यासाठी मुलांना क्लासला पाठवतं. मी पाठवणार नाही. मी स्वतः शिकवणार. रोज पाच ते सात. लहानपणी मीही ही परीक्षा दिली होती. नापास झालो असं म्हणता येणार नाही; यादीत नाव नव्हतं, एवढंच.

५ मार्च
उपाशीपोटी अपूर्णांक डोक्यात शिरत नाहीत. माझ्या. इश्राकचं ठीक चाललंय. ईदनंतर जोमाने.

३ एप्रिल
ईद झाली. पोट बिघडलंय. सोमवारपासून.

१४ एप्रिल, संध्याकाळी ५.४०
सुरुवात झाली एकदाची. गणित: एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ? मी चार आणि सहाची सरासरी काढली. पाच तास. इश्राक बराच वेळ वहीकडे बघत होती. मग तिने विचारलं, एकटा नळ चार तासांत भरतो, तर दोघांना मिळून पाच कसे लागतील? मी समजावलं की दुसरा नळ सोडला की पहिल्याचा जोर कमी होतो, आपल्या बिल्डिंगमध्ये बघतेस ना. तिने मान डोलावली. नाजिहा भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा उचलली. बायकोचं असं बघणं मला समजत नाही.

२२ एप्रिल
कॅफेत पोस्टातला सहकारी हेदी भेटला. तयारी कुठवर आली, विचारत होता. सराव पेपरात वीसपैकी अठरा पडतात, असं सांगितलं. पडले अकरा. थोडं पुढचं सांगितलं, इतकंच. गप्पांत सात वाजले. उद्या दोन दिवसांचं एकदम घेऊ.

९ मे
सोळा! मी म्हणालोच होतो. हल्ली ती मला काही विचारतच नाही. शिकवणं पक्कं असलं की शंका उरत नाहीत. नाजिहाला हे सांगितलं. ती म्हणाली, हो ना.

१८ मे
पेन्सिल शोधायला इश्राकचं दप्तर उघडलं. आत दुसरी वही. मी शिकवलेलं प्रत्येक गणित त्यात पुन्हा सोडवलेलं, वेगळ्या रीतीने. नळांचंही. दोन तास चोवीस मिनिटं. समासात म्हाताऱ्या माणसाचं थरथरतं अक्षर.
इश्राकला विचारलं. ती रडायला लागली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सी मोंजींचं अक्षर. गणिताचे निवृत्त मास्तर; सगळी गल्ली त्यांना मानाने 'सी' म्हणते. महिनाभर नाजिहा तिला पाव द्यायच्या निमित्ताने त्यांच्याकडे पाठवत होती.
"मला का नाही सांगितलंस?"
"तुम्ही इतक्या हौसेने शिकवत होतात, बाबा."
तिथेच थांबायला हवं होतं. मी तडक त्यांच्या दारात गेलो. शेजारी ऐकत असताना म्हणालो, माझ्या मुलीला शिकवायला मी समर्थ आहे, कुणाच्या उपकारांची गरज नाही. मोंजींनी चष्मा काढला. "बरं," म्हणाले. "तिचं गुणोत्तर अजून कच्चं आहे. तेवढं बघा."
गुणोत्तर म्हणजे नेमकं काय, हे विचारायची ती वेळ नव्हती.

१९ मे
नाजिहा बोलत नाही. इश्राकला सांगितलं, आता फक्त बाबा. ती हो म्हणाली. उद्यापासून गुणोत्तर.

२ जून
गुणोत्तराचा धडा मी आधी एकटा वाचायला घेतलाय. दोन पानं झाली. डोकं दुखतं. उकाडा फार.

२५ जून
तीन दिवसांची परीक्षा आज संपली. शेवटी गणित. इश्राक फाटकातून बाहेर आली. मी विचारलं, कसा गेला? ठीक, म्हणाली. दमली असेल.

११ जुलै
नाव नाही. बाकी सगळ्या विषयांत भरपूर मार्क. गणितात आठ.
नाजिहाने प्रश्नपत्रिका माझ्यासमोर ठेवली. तिसरा प्रश्न, सर्वांत जास्त मार्कांचा, गुणोत्तराचा. जेवलो नाही. (रात्री थोडं जेवलो.)

१२ जुलै, संध्याकाळी
इश्राकला आईस्क्रीम खायला घेऊन गेलो. वाटेत कॅफेच्या बाहेर हेदी आणि इतर बसलेले. हेदीने निकाल विचारला. मी म्हणालो, काय करणार, ऐन गणिताच्या दिवशी पोरीला सडकून ताप भरला. सगळे हळहळले. इश्राक माझ्या शेजारीच उभी होती.
"मला ताप नव्हता," ती म्हणाली. "मला गणित आलं नाही."
हेदीने उठून तिला खुर्ची दिली. ती बसली. मला कुणी खुर्ची दिली नाही, आणि मला ती मागताही आली नाही. आईस्क्रीम हेदीनेच मागवलं तिच्यासाठी. तिने ते शांतपणे संपवलं. मी उभा.

घरी येताना तिला म्हणालो की माझं चुकलं. कशाकशात ते सांगायला सुरुवात केली. यादी लांबली. ती म्हणाली, "हे मला काय सांगता, बाबा? सी मोंजींना सांगा. ते त्या दिवसापासून दार लावून बसतात."
सांगणारच आहे. उद्या सकाळी जातो. पण सकाळी ऊन फार असतं, म्हाताऱ्या माणसाला त्रास. संध्याकाळी बरं. खरं तर आत्ताही गेलो असतो, पाच मिनिटांचं अंतर. पण बूट काढून ठेवले होते.

एवढं लिहून वर पाहिलं तर इश्राक समोर उभी. हातात माझे बूट.